येरझारा नोंदीपर्यंत पोचल्याच नाहीत

‘पेशंट वॉकिंग हिअर अँड देअर ऑल नाइट. शेकिंग बॉडी फ्रंट अँड बॅक. नॉट सिटिंग.’

इंग्लंडमधल्या एका वॉर्डात रात्रपाळी संपवताना एका मराठी नर्सने लिहिलेल्या या तीन ओळी. ती माझी जुनी विद्यार्थिनी. परदेशी जाणाऱ्या नर्सना मी इंग्रजी शिकवते. तिकडे रुळल्यावरही त्यातल्या काहीजणी कुठे अडलं की फोन करतात. या फोनवर मात्र ती हादरलेली होती. रुग्णाचं नाव, हॉस्पिटल, गाव यातलं काहीही तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही मी इथे गाळले आहेत. शब्द तेवढे तेच ठेवले आहेत, कारण प्रकरण शब्दांचंच आहे.

झालं ते असं. रुग्ण सत्तरीचे गृहस्थ. मळमळ थांबावी म्हणून दोन दिवसांपूर्वी त्यांना मेटोक्लोप्रामाइड सुरू केलं होतं. त्या रात्री त्यांना झोप येईना. पलंगावरून उठायचे, खिडकीपर्यंत जायचे, वळून पलंगापाशी यायचे, बसायचे, बसल्या बसल्या कमरेतून मागेपुढे झुलायचे, आणि मिनिटभरात पुन्हा उठायचे. पलंग ते खिडकी, खिडकी ते पलंग. तिने तीन-चार वेळा त्यांना बसवलं, पाणी दिलं, कुठे दुखतंय का ते विचारलं. गृहस्थ पूर्ण भानावर होते. वार कोणता, आपण कुठे आहोत, सगळं नीट सांगत होते. त्यांना फक्त बसवत नव्हतं. सकाळी तिने वरची नोंद लिहिली, तोंडी निरोपही घाईघाईत त्याच शब्दांत दिला आणि घरी जाऊन झोपली.

सकाळच्या पाळीने नोंद वाचली आणि त्यांच्या डोळ्यांपुढे वेगळाच रुग्ण उभा राहिला. ‘हिअर अँड देअर’ फिरणारा म्हणजे वॉर्डभर भरकटणारा, आपण कुठे आहोत हे विसरलेला. ‘शेकिंग’ म्हणजे थरथर, नाहीतर हुडहुडी. वय झालेला माणूस, एका रात्रीत सुटलेलं भान आणि अंगात थरथर, एवढं एकत्र दिसलं की पहिला संशय जंतुसंसर्गाचा येतो आणि तो यायलाच हवा. त्यांनी ताप पाहिला, लघवी तपासायला पाठवली, पडू नयेत म्हणून जास्तीचं लक्ष ठेवलं. दुपारी डॉक्टरांनी शेजारी बसून स्वतः विचारलं तेव्हा गृहस्थ म्हणाले की पाय स्वस्थ बसू देत नाहीत, उठून चाललं की जरा बरं वाटतं. मग कुठे औषधांचा तक्ता नव्या नजरेने पाहिला गेला आणि मेटोक्लोप्रामाइड थांबलं. तोवर सकाळचा एक डोस गेलेला होता. दुसऱ्या दिवशी ते बरेच शांत झाले.

तिच्यावर कोणी ओरडलं नाही. वरिष्ठ नर्सने एवढंच विचारलं, ‘पेसिंग की वाँडरिंग?’ म्हणजे येरझारा की भरकटणं? दोन शब्दांचा प्रश्न. त्याचं उत्तर तिला रात्रभर डोळ्यांसमोर दिसत होतं, पण कागदावर त्यातलं काहीच आलं नव्हतं.

औषध, पाय आणि एक जुना शब्द

भाषेकडे जाण्याआधी वैद्यकाबद्दल थोडं सांगते, कारण त्याशिवाय या प्रकरणातला फरक किती मोठा होता ते कळणार नाही. काही औषधांमुळे माणसाला आतून अशी बेचैनी येते की एका जागी बसणं अशक्य होतं. त्याला अकॅथिसिया म्हणतात. लादिस्लाव हाश्कोवेत्स या चेक डॉक्टरने १९०१ मध्ये हे नाव वापरलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ सरळ आहे: न बसणं. मानसिक आजारांवरच्या अनेक औषधांनी हे होतं, तसंच मेटोक्लोप्रामाइडनेही होतं, कारण तेही मेंदूतल्या डोपामाइनच्या कामात अडथळा आणतं. मज्जासंस्थेवरच्या अशाच दुष्परिणामांमुळे २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी हे औषध जास्तीत जास्त ५ दिवस द्यावं असं बंधन घातलं.

हा त्रास मोजायला १९८९ पासून बार्न्स यांची एक मोजपट्टी वापरतात. तीत रुग्णाला बसलेलं आणि उभं असताना असं दोन्ही वेळा पाहायचं असतं. तो पाय घासतो का, एक पाय हलवत राहतो का, उभा असताना या पायावरून त्या पायावर भार टाकत राहतो का, फेऱ्या मारतो का, हे सगळं टिपायचं असतं. म्हणजे निदान हालचालीच्या आकारावर उभं असतं. भरकटणं वेगळं, येरझारा वेगळ्या. थरथरणं वेगळं, झुलणं वेगळं. अशा ठिकाणी क्रियाविशेषण चुकलं तर ज्याने रुग्णाला पाहिलेलं नाही त्याला चुकीची हालचाल दिसते.

सगळा उशीर या एका नोंदीमुळे झाला, असं मी म्हणणार नाही. त्या वयाच्या माणसाची संसर्गासाठी तपासणी झाली यात वावगं काही नाही, आणि तोंडी निरोपाच्या वेळी कोणीतरी एक प्रश्न जास्त विचारला असता तरी गाठ सुटली असती. पण एक पाळी हातची गेली, आणि तेवढ्या वेळात एका माणसाला आणखी काही तास बसता आलं नाही. एवढं कारण मला पुरेसं आहे.

शब्द कुठे हरवला

मी तिला विचारलं, ‘रात्रीच घरी फोन केला असतास तर आईला काय सांगितलं असतंस?’

क्षणाचाही विचार न करता ती म्हणाली, ‘म्हातारे रात्रभर येरझारा घालत होते.’

‘मग हेच का नाही लिहिलंस?’

‘मॅडम, येरझाराला इंग्रजी शब्द सुचेना. मग मनात म्हटलं, इकडेतिकडे फिरत होते. त्याचं हिअर अँड देअर केलं.’

हे ऐकून मी हातातलं पेन खाली ठेवलं. अनेक वर्षं मी विद्यार्थिनींच्या वह्यांत ‘हिअर अँड देअर’खाली लाल रेघ ओढत आले, आणि चूक इंग्रजीत झाली असं समजत आले. चूक त्याआधीच, मराठीत झालेली होती. येरझारा म्हणजे ठरावीक दोन टोकं, त्यांच्यामधली एकच वाट, तिच्यावरून पुन्हा पुन्हा जाणं-येणं, आणि जोडीला मनाची अस्वस्थता. एका शब्दात चार गोष्टी. तिने त्याजागी ‘इकडेतिकडे’ धरलं तेव्हा टोकं गेली, वाट गेली, अस्वस्थताही गेली. उरलं नुसतं फिरणं. पुढे भाषांतर बिनचूक झालं, पण ते उरलेल्या चोथ्याचं झालं.

त्यात ‘हिअर अँड देअर’ आपल्या ‘इकडेतिकडे’पेक्षाही सैल. इंग्रजीत त्याचा मुख्य अर्थ जागेचा: माळावर इथे-तिथे झाडं, भिंतीवर कुठे कुठे डाग. हालचालीला लावलं तर दिशा नसलेलं, विस्कळीत फिरणं डोळ्यांपुढे येतं. पलंग आणि खिडकी ही दोन टोकं त्यातून कधीच दिसणार नाहीत.

पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचालीसाठी मराठीची आणि इंग्रजीची रीतच वेगळी आहे. मराठीने अशा प्रत्येक हालचालीला स्वतंत्र नाव दिलंय आणि त्या नावातच कारण भरून ठेवलंय. घार घिरट्या घालते, खाली भक्ष्य असतं म्हणून. कचेरीत हेलपाटे घालतो, काम होत नाही म्हणून. एखाद्याकडे खेटे घालतो, तेव्हा त्यात आपला आर्जव आणि त्याची टाळाटाळ दोन्ही येतात. जेवणानंतर शतपावली. होडी हेलकावे खाते. मूल गिरक्या घेतं. ‘वारी’ या शब्दात तर दरवर्षी पुन्हा जाणं गृहीतच आहे, एकदाच पंढरपूरला जाऊन आलेल्याला कोणी वारकरी म्हणत नाही. इंग्रजीत असे शब्द नाहीत असं नाही, पण तिची रोजची रीत म्हणजे साधं क्रियापद घ्यायचं, वॉक, रॉक, स्विंग, आणि त्याच्यामागे वाटेचा नकाशा जोडशब्दाने काढायचा. बॅक अँड फोर्थ, अप अँड डाउन, साइड टू साइड, राउंड अँड राउंड, इन अँड आउट. हालचाल क्रियापदात, आकार क्रियाविशेषणात.

म्हणून येरझारांना इंग्रजीत एकच शब्द शोधत बसायचं नाही. ‘पेस’ हे क्रियापद त्यांच्या बरंच जवळ जातं, कारण त्यात अस्वस्थता आहे. पण टोकं सांगायची जबाबदारी तरीही उरते: पेसिंग अप अँड डाउन, बिट्वीन द बेड अँड द विंडो.

पाटा, जातं, उखळ

ते दोघींना एकदम पटलं, पण पटणं वेगळं आणि पहाटे पाच वाजता, डोळे मिटत असताना सुचणं वेगळं. तिला पाठ करायला यादी द्यावी असं वाटत नव्हतं. याद्या मी पूर्वी खूप दिल्या आहेत. परीक्षेच्या दिवसापर्यंत त्या टिकतात, पुढे नाही. शिवाय तिने जी परीक्षा दिली तिच्यात नर्सने लिहायचं असतं ते पत्र, दुसऱ्या डॉक्टरला किंवा केंद्राला. रात्रीची तीन ओळींची नोंद तिथे कोणी विचारत नाही.

शेवटी तिच्या आजीच्या स्वयंपाकघरातून सुरुवात केली. तिच्या गावच्या घरी पाटा-वरवंटा अजून आहे. वरवंटा जातो तसाच मागे येतो, त्याच रेषेवर, आपल्यापासून दूर आणि आपल्याकडे: बॅक अँड फोर्थ. इंग्लंडात बरेच जण त्यालाच बॅकवर्ड्स अँड फॉरवर्ड्स म्हणतात, दोन्ही चालतं. गृहस्थ बसून झुलत होते ती हालचाल हीच. उखळातलं मुसळ: अप अँड डाउन. जातं: राउंड अँड राउंड. हातातली चाळण: साइड टू साइड. बोलता बोलता तिनेच रवी काढली. ‘ताक घुसळताना रवी गोल फिरते, पण एकदा इकडून आणि एकदा तिकडून. तिला राउंड अँड राउंड म्हणू?’ नाही म्हणायचं. ती एका दिशेने फिरतच नाही. तिथे इंग्रजीला जोडशब्द पुरत नाही, आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या, असंच सांगावं लागतं: फर्स्ट वन वे, देन द अदर. प्रश्न इतका नेमका होता की माझी काळजी तिथेच निम्मी झाली.

‘फ्रंट अँड बॅक’चं काय चुकलं, हेही वरवंट्यानेच कळलं. फ्रंट ही बाजू आहे, दिशा नाही. कागदाची पुढची-मागची बाजू म्हणजे फ्रंट अँड बॅक. वरवंटा फ्रंटला जात नाही, तो पुढे जातो, आणि हा ‘पुढे’ इंग्रजीत ‘फोर्थ’ या जुन्या शब्दाने सांगितला जातो. हा शब्द आता एकटा फारसा दिसत नाही, ठरावीक जोड्यांमध्ये आणि जोडशब्दांमध्येच जिवंत आहे. त्यामुळे शिकणाऱ्याला तो अनोळखी वाटतो आणि लिहिताना हमखास ‘चौथा’ या अर्थाच्या शब्दाचं स्पेलिंग पडतं. मी सांगते, यात आकडा शोधू नका, ‘बिफोर’मधला ‘फोर’ शोधा. ते एकाच कुळातले.

टू अँड फ्रोची गोष्ट मला फार आवडते. उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेत ‘फ्रा’ म्हणजे ‘पासून’. ते लोक इंग्लंडात वसले आणि तो शब्द तिथे ‘फ्रो’ होऊन राहिला, ‘फ्रॉम’चा भाऊबंद. म्हणजे टू अँड फ्रो हे शब्दशः ‘कडे आणि पासून’, आपल्या ‘ये-जा’सारखंच. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना हा शब्द विज्ञानात भेटतो, लंबकाच्या धड्यात. माझी ही विद्यार्थिनी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, तिथे लंबकाचं ‘आंदोलन’ होतं, म्हणून टू अँड फ्रो तिच्या कानावरून कधी गेलंच नाही. आजच्या रोजच्या बोलण्यात तो थोडा पुस्तकी वाटतो. शिवाय जुन्या इंग्रजीत त्याला दोन टोकं असायलाच हवीत असं नव्हतं. १६११ च्या इंग्रजी बायबलात ईयोबाच्या पुस्तकात, कुठून आलास असं परमेश्वर विचारतो तेव्हा सैतान म्हणतो की पृथ्वीवर ‘टू अँड फ्रो’ जाऊन आणि ‘अप अँड डाउन’ चालून आलो. तिथे अर्थ सगळीकडे हिंडण्याचा आहे. म्हणून नोंदीत मी टू अँड फ्रो टाळायला सांगितलं, आणि लिहिलंच तर टोकं सांगायला.

अप अँड डाउनचा सापळा

सगळ्यात जास्त वेळ याच जोडीवर गेला. तिचा आक्षेप साधा होता: ‘मॅडम, ते सपाट जमिनीवर चालत होते. अप कुठे आणि डाउन कुठे?’

मी विचारलं, ‘कॉलेजला असताना काय करायचीस?’

‘कराड-सातारा अप-डाउन.’

बोलून ती स्वतःच थांबली. रेल्वेच्या अप आणि डाउन गाड्यांमुळे मराठीत हा शब्द इतका मुरलाय की रोज दोन गावांमध्ये ये-जा करणाराला आपण सहज ‘अप-डाउन करतो’ म्हणतो, आणि त्यात चढउताराचा विचार कोणाच्याही मनात येत नाही. इंग्रजीतला खोलीतला, बोळातला, फलाटावरचा अप अँड डाउन अगदी तसाच आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत. जो अर्थ तिला परका वाटत होता तो तिने तीन वर्षं एसटीच्या पासावर जगला होता.

पण इथे एक खड्डा आहे आणि वॉर्डात तो धोक्याचा आहे. ‘ही वॉज वॉकिंग अप अँड डाउन’ म्हणजे येरझारा. त्यातलं वॉकिंग गेलं आणि ‘ही वॉज अप अँड डाउन ऑल नाइट’ राहिलं, की अर्थ होतो रात्रभर पलंगावरून उठबस चालली होती. मग वाचणाऱ्याला वाटतं, बहुधा लघवीला. तिथल्या नर्स हे वाक्य रोज बोलतात. तिच्या रुग्णाच्या बाबतीत दोन्ही खरं होतं, उठबसही आणि येरझाराही, म्हणून दोन्ही वेगवेगळं लिहायला हवं होतं. जोडीच्या अलीकडे क्रियापद आहे की नाही यावर सगळं अवलंबून.

आपल्याकडेही असंच आहे, आपल्याला ते जाणवत नाही इतकंच. मागेपुढे पाहणारा माणूस मान वळवत नाही, तो कचरतो. ‘पुढेमागे बघू’ म्हणजे कधीतरी, भविष्यात. जीव वरखाली होतो तेव्हा काळजी असते. त्याच दोन शब्दांची जागा बदलली की मागेपुढेचं पुढेमागे होतं आणि अर्थ कुठल्या कुठे जातो. इंग्रजीत तर बऱ्याच जोड्यांना क्रम बदलायची मुभाच नाही, फोर्थ अँड बॅक कोणी म्हणत नाही.

झोपेच्या नोंदींसाठी आणखी दोन जोड्या ओघात आल्या. ‘स्लेप्ट ऑन अँड ऑफ’, अधूनमधून झोप लागली. ‘टॉसिंग अँड टर्निंग’, या कुशीवरून त्या कुशीवर. आणि अगेन अँड अगेन कुठे नको तेही: ते मोजता येणाऱ्या घटनांना लागतं, पलंगावरून पुन्हा पुन्हा उठले याला. अखंड झुलण्याला ते लागत नाही, तिथे ‘केप्ट रॉकिंग’ पुरतं.

तीच नोंद तिने पुन्हा लिहून पाठवली, माझ्यासाठी. मूळ नोंद दप्तरात होती तशीच राहिली, ती बदलायची नसते. नवी अशी होती: ‘अलर्ट अँड ओरिएंटेड. अनेबल टु सिट स्टिल. पेसिंग अप अँड डाउन बिट्वीन बेड अँड विंडो फ्रॉम टू ए. एम. व्हेन सीटेड, रॉकिंग बॅकवर्ड्स अँड फॉरवर्ड्स. नो ट्रेमर. सेज लेग्ज वोन्ट लेट हिम रेस्ट.’ वाचताना मला पलंग दिसला, खिडकी दिसली, मधली दहा पावलं दिसली. एका जागी मात्र मी तिला टोकलं. शेवटचं वाक्य तिने रात्री खरंच ऐकलं होतं का? ती म्हणाली, नाही, ते दुपारी डॉक्टरांना सांगितलेलं. मग ते खोडलं. रात्रीच्या नोंदीत रात्री जे दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच.

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. या वेळी एक आजीबाई. स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत जायच्या, उंबऱ्याशी थांबायच्या, अर्धं पाऊल आत, पुन्हा मागे, पुन्हा दाराशी.

‘मॅडम, मला शब्द माहितीये, घुटमळत होत्या. या वेळी इकडेतिकडे नाही केलं. पण याला जोडी कोणती?’

अर्धा तास आम्ही शोधत होतो. बॅक अँड फोर्थ लिहिलं तर वरवंट्यासारखी एका लयीतली, निःशंक हालचाल दिसते. इन अँड आउट लिहिलं तर त्या आत गेल्याच असा समज होतो. ‘हेझिटेटेड’मध्ये कचरणं येतं, पण पावलं येत नाहीत. शेवटी जोडी सोडून दिली आणि जे दिसलं ते क्रमाने लिहिलं: दारापर्यंत चालत गेल्या, थांबल्या, एक पाऊल मागे आल्या, असं चार वेळा, आत गेल्या नाहीत. तिने ते इंग्रजीत सांगितलं, मी ऐकलं, काहीच दुरुस्त करावं लागलं नाही. मग तिने आजीबाईंबद्दल विचार करत म्हटलं, ‘आतला दिवा बंद होता. अंधाराला घाबरत असतील का हो?’ मी म्हटलं, तेही लिही, दिवा बंद होता एवढंच.